तीसपैकी तीस

मनांग कोन्सोर्सिया,

मोठ्या बहिणीचा हात इथूनच कपाळाला लावते. पाय सुजतात का अजून? सुजत असतील तर उशीवर ठेव आणि सुनेला कामं सांग, दोघींना बरं वाटेल. मी ठणठणीत. अब्रू तेवढी आजारी आहे.

आपली जोवेलिन (माझ्या धाकट्याची, नाक आपल्या बाबांचं, बिचारी) अकरावीत गेली. तिला संख्याशास्त्र आहे. मी तिसरीत शाळा सोडली ती बेरजेला भिऊन, तेव्हा या विषयात लुडबुडायचं मला काही कारण नव्हतं. तरी लुडबुडले. बाईंनी प्रकल्प दिला: चिठ्ठ्या टाकून गावातली तीस माणसं निवडा आणि त्यांना एक प्रश्न विचारा, नाही जमलं तर उन्हाळ्यात पुन्हा वर्ग. पोरीने प्रश्न घेतला, चर्चच्या पायरीवर विकायला बसणाऱ्यांत बिबिंगका कुणाची चांगली, लोलाची (म्हणजे आजीची, माझी) की फेलिसाची? चाळीस वर्षं तांदूळ दळून, वरखाली निखारे ठेवून ते केक भाजताना माझ्या पापण्या जळाल्या, मग उत्तर काय येणार? पोर उन्हात एकटी कशी हिंडेल म्हणून मी सोबत गेले. छत्री घेतली. (आणि कोयता. वाटेत नारळ दिसतात.) तीसपैकी तीस माझ्या बाजूने! फेलिसाचा नवरासुद्धा. त्याने तर मला बघून छातीवर क्रूस काढला.

शाबासकी मिळेल म्हणून नवी चप्पल घालून शाळेत गेले.

"लोला, हे विचारताना तुम्ही कुठे होतात?" बाई म्हणाल्या.

"हिच्या शेजारी."

"आणि कोयता?"

(पोरीने अहवालात कोयतासुद्धा लिहिला होता. एवढी खरी कुणावर गेलीय देव जाणे.)

पुन्हा करा, म्हणाल्या. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव नको, डबा बंद, आणि लोला घरी.

डबा घरी आला. जोवेलिन आंघोळीला गेली आणि मी झाकण काढलं. नऊ, मनांग! तीच माणसं, आणि माझे नऊ. एकाने तर लिहिलं होतं, "फेलिसाची. लोला पेताची खाल्ली की पाणी शोधत फिरावं लागतं." ती चिठ्ठी मी चुलीत घातली. मग खात्री करायला सकाळच्या उरलेल्यातला एक घास खाल्ला. आणि उठून पाणी प्यायले.

तुझी धाकटी,
पेर्पेतुआ

ता. क. शुक्रवारी तीस चिठ्ठ्या द्यायच्यात, डब्यात एकोणतीस आहेत. पोरीने अजून मोजल्या नाहीत. पाकिटात कोरी घातलीय. तिच्यावर फेलिसाचं नाव आणि पाण्याचं ते वाक्य जसंच्या तसं लिही, बोटीवाल्याबरोबर लगेच पाठव. मीच लिहिलं असतं, पण माझं अक्षर ती ओळखते.

आणखी एक. तुझं स्वतःचं मत मी विचारलेलं नाही. दर जत्रेला माझ्याकडून बारा बिबिंगका पानात बांधून नेतेस. तुझं डुक्कर कसं आहे, तेवढं कळव.