अळी निरंक

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार. सकाळी ८.१०
कपाट आवरताना खात्याचं एक कोरं रजिस्टर सापडलं. आजपासून यात रोज लिहायचं. चौतीस वर्षं आरोग्य खात्यात हिवताप कर्मचारी होतो. परभणी जिल्ह्यात घरोघर फिरून रांजणात, टाक्यात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधल्या. तो अनुभव वाया घालवायचा नाही. संकल्प: पहाटे पाचला उठणे. पिंगळी स्टेशनपर्यंत चालत जाऊन येणे. गोड बंद. सुमंगलावर चिडणे बंद.
आज उठायला उशीर झाला. उद्यापासून सुरू.

संध्याकाळी ६.३०
सिंगापूरहून ईश्वरीचा फोन. पोरगी नोकरीला तिकडं जाऊन तीनच महिने झालेत. म्हणाली ताप एकशे दोन आहे, अंग मोडून आलंय, डोळ्यांच्या मागं दुखायलंय. मी जागेवर ओळखलं. डेंगू. तिला म्हणालो, घाबरू नको, तुझा बाप कोण आहे ते ध्यानात ठेव. ती म्हणाली, मी सकाळी डॉक्टरकडं चाललेय. म्हणालो जा, पण आधी माझं ऐकून घे. तेवढ्यात फोन कटला. तिकडचं नेटवर्क काही खास दिसत नाही.

१० सप्टेंबर
डेंगूच निघाला. माझं निदान बरोबर.
ड्रॉइंग शीट आणून बैठकीत मोठा तक्ता लावला. वर नाव: ईश्वरी, सिंगापूर. रकाने: ताप, पाणी किती प्याली, लघवी किती वेळा. खाली लाल पेननं सूचना लिहिल्या. पॅरासिटामॉल सोडून अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी घ्यायची नाही, रक्तस्राव होतो. ताप उतरला की खरी काळजी तिथून पुढं. पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं की तडक भरती. अक्षर झकास आलंय.
सुमंगलानं विचारलं, पोरगी तिकडं अन् तक्ता इकडं, वाचायचा कुणी. म्हणालो, मॉनिटरिंग असंच असतं.
ईश्वरी सांगत होती, तिकडं सरकारी माणसं घरात येऊन बघतात. न्हाणीत, गॅलरीत, कुंडीखालच्या ताटलीत, सगळीकडं. मी हसलो. म्हणालो, प्रत्येक घराच्या आत जायचं म्हटलं तर माणसानं जेवायचं कधी. ती हसली नाही.
छातीत उगीच जळजळ. ॲसिडिटी असणार.

११ सप्टेंबर. सकाळी
गावातली आशा वर्कर शिवकन्या सर्वेला आली. पाणी साठवलेली भांडी बघू द्या म्हणाली. तिला म्हणालो, बाई, तू शाळेत जायचीस तेव्हापासून मी हेच करतोय. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, पण माझ्या टाक्याला झाकण, ड्रमला झाकण, रांजणाला फडकं. तिनं मागच्या खोलीचं विचारलं. ती ईश्वरीची खोली, ती गेल्यापासून बंदच. तर म्हणे, काका, खिडकीला कुलर हाय नं, त्यात पाणी न्हाई नं. म्हणालो, जूनपासून कुणी लावला नाही, कोरडाच असणार.
तिच्या हातातला खडू घेऊन दारावर मीच लिहिलं: ११/९, अळी निरंक, सही. ती पुढच्या घरी गेली.
आता खात्यात खडू देतात. आमच्या वेळी पक्क्या शाईचा मार्कर मिळायचा, लिहिलेलं हलायचं नाही. अक्षर मात्र अजून तेच आहे. वालूरच्या दारावर होतं तसंच. वालूर कशाला आठवलं कोण जाणे.

१२ सप्टेंबर
सुमंगलाला ताप, एकशे एक. पोरीच्या काळजीनं आलाय. आईचं मन. डेंगू म्हणावं तर तो सिंगापूरला आहे, आमच्या दारावर कालच निरंक लिहिलंय.
माझ्या जुन्या पेटीतली अंगदुखीची जालीम गोळी दिली. घाम आला. गोळीला तोड नाही. सकाळ-संध्याकाळ चालू ठेवायची.
चालायला गेलो नाही. घरात आजारी माणूस आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार
कोरडा दिवस. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून भांडी घासायची. टाकं, ड्रम, रांजण, सगळं एकट्यानं घासलं. कंबर धरली. दोन पेढे खाल्ले, अशक्तपणा येऊ नये म्हणून.
मागची खोली राहिली. किल्ली सुमंगलाच्या कनवटीला अन् ती झोपलेली. आज कळलं की रोज दुपारी ती त्याच खोलीत जाऊन बसते. ईश्वरीची गादी आहे, रेंज चांगली येते, म्हणाली. आजारी माणसाला किल्लीसाठी कशाला उठवा.
त्या खोलीपाशी गेलं की कानात बारीक गुणगुण येते. बाहेरच्या विजेच्या डीपीचा आवाज असेल.

१४ सप्टेंबर
डीपी बंद होता. गावात लाईटच नव्हती.
वालूरचं एकदा लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल. २०१२, असाच भादवा. एका घरातली पोरगी डेंगूनं गेली. भक्ती नाव, वय नऊ. माझ्या भेटीनंतर अकराव्या दिवशी. आतल्या खोलीतल्या रांजणात अळ्या सापडल्या म्हणे. चौकशी लागली. दारावर माझी तारीख होती, सही होती, अळी निरंक होतं. साहेबांनी फोटो काढला अन् म्हणाले, आपलं काम चोख आहे. तिची आजी धुरपताबाई उंबऱ्यावर बसून होती. तिनं एवढंच विचारलं, साहेब, तुमी आत आलता का. म्हणालो, आलतो.
भेट झालीच होती. गल्लीत मी होतो, चाळीस घरं होती अन् परतीची चारची एसटी होती. सगळेच तसं करायचे. पद्धतच तशी होती.
लिहून टाकलं. डोक्यातून गेलं नाही.

१५ सप्टेंबर
ईश्वरीनं सकाळपासून फोन उचलला नाही. तक्ता रिकामा दिसू नये म्हणून अंदाजानं ९९.८ लिहिलं. लघवी पाच वेळा.
सुमंगला म्हणते डोळ्यांच्या मागं दुखायलंय. पोरीचं ऐकून ऐकून हिला तेच व्हायलंय. तसं तिला सांगितलं, तर कूस बदलून झोपली.
संध्याकाळी व्हिडिओ कॉल. ईश्वरी आता बरी आहे. माझा तक्ता सांगायला लागलो तर म्हणाली, आईचा हात दाखवा. हातावर लाल पुरळ. मी म्हणालो घामोळं. ती म्हणाली, बाबा, आत्ता रक्त तपासा. म्हणालो, मला शिकवू नको. तर म्हणाली, माझा तक्ता काढा अन् आईचा लावा. आवाज चढवला तिनं. परदेशात राहिलं की पोरं अशी बोलायला लागतात.
वाईट वाटलं. शीट काढली नाही.

१६ सप्टेंबर
ताप उतरला. सुमंगला अठ्ठ्याण्णव! ईश्वरीला मेसेज टाकला: आई ठणठणीत. पुढं अंगठा टाकला.
शिरा केला. तिनं एक घास घेऊन ठेवून दिला. पोट दुखायलंय म्हणे. चार दिवस उपाशी, दुखणारच. उरलेला मी संपवला.
उद्या मुक्तिदिनाचं झेंडावंदन. सरपंचांनी डेंगूवर बोला म्हणून सांगितलंय. संध्याकाळभर भाषणाची तयारी. मुद्दे तक्त्यावरूनच उतरवले.

१७ सप्टेंबर. दुपारी ४. परभणी, दवाखाना
भाषण चांगलं चाललं होतं. ताप उतरला की खरी काळजी तिथून पुढं, असं म्हणालो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा मुद्दा वाचला, पोट दुखणे. त्याच्या पुढचा वाचता येईना. अक्षर माझंच होतं. लोकांना वाटलं काकांना हुंदका आला, कुणीतरी पाणी आणायला धावलं. मी माईक हातात घेऊनच निघालो, वायरनं मागं ओढलं तेव्हा कळलं.
सुमंगला मागच्या खोलीत होती, ईश्वरीच्या गादीवर. उशाला उलटीचं पातेलं. टॉवेलवर रक्त, हिरड्यांतलं. हात बर्फासारखे गार. मी तिला हाक मारली, तिनं ओ दिली नाही. शिवकन्यानं ऑटो आणला अन् तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी पुढं बसलो. मला मागं वळून बघायचा धीर झाला नाही.
प्लेटलेट अठरा हजार. बीपी लागेना. डॉक्टरांनी विचारलं घरी काय दिलं. मी गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी परत विचारलं. दुसऱ्यांदा मी हळू सांगितलं.

१९ सप्टेंबर
अतिदक्षता. आत एकालाच सोडतात, तेही पाच मिनिटं. बाकी वेळ बाकावर. संकल्प काही नाही.
ईश्वरीचा फोन येतो. शिवकन्याला द्या म्हणते.
दुपारी बाकावर शेजारी एक पोरगी येऊन बसली. शाळेचा ड्रेस, मांडीवर दप्तर, नऊएक वर्षांची. पाय हलवत होती. मी म्हणालो, कुणासोबत आलीस बाळ. ती आतल्या दाराकडं बघत राहिली. मी पाणी प्यायला उठलो, आलो तर नव्हती. वॉचमन म्हणाला, लहान पोरांना वर सोडतच नाहीत. असेल कुणाची तरी.
आत काचेपाशी गेलो की गुणगुण येते. मशीनचा आवाज आहे. नर्सला विचारलं, ती म्हणाली मशीनला असा आवाज नसतो.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावस्या
सुमंगलानं डोळे उघडले. मला रडू आलं, नर्ससमोरच.
पहिलं वाक्य म्हणाली, आज गच्चीवर घास ठेवायचा राहिला. दरवर्षी सगळ्यांची पानं झाली की ती एक घास वेगळा ठेवते, दूध-पोळीचा. तिच्या मावशीचा असेल असं मी धरून चाललो होतो. म्हणालो, मावशी समजून घेईल. ती म्हणाली, मावशीचा नव्हे, वालूरच्या पोरीचा.
तेरा वर्षं.
विचारलं, तुला कुणी सांगितलं. म्हणाली, तुमीच. दर भादव्यात झोपेत बोलता. आलतो, आत आलतो, असं.
मग तिनं विचारलं, खरंच गेलता का.
म्हणालो, नर्स बोलावतेय. नर्स कुठंच नव्हती.

२३ सप्टेंबर
प्लेटलेट साठ हजार. डॉक्टर म्हणाले, अजून काही तास उशीर झाला असता तर अवघड होतं. मी मान हलवली. गोळीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

२५ सप्टेंबर
घरी आलो. सुमंगला भिंत धरून चालते. तक्ता काढला. भिंतीवर चार कोपऱ्यांचे डाग राहिले.
तिनं तो प्रश्न परत विचारला नाही. मी ज्या खोलीत जातो तिथं तो आधीच येऊन बसलेला असतो.

२७ सप्टेंबर, शनिवार. कोरडा दिवस
शिवकन्या आली. सुमंगलानं कनवटीची किल्ली तिच्याकडं दिली, माझ्याकडं नाही. खोली उघडली, कुलरची जाळी काढली. तिनं हाक मारली, काका, आत या.
गेलो. पावसाचं पाणी साचलेलं, वीतभर, हिरवट. वर-खाली वळवळ चाललेली. चौतीस वर्षं बघितलेली चीज, पण माझ्या घरात, पोरीच्या उशाशी. दुपारची सुमंगला तिथंच बसायची अन् हे डास चावतात ते दिवसाच. हे मी हजार लोकांना सांगितलंय.
शिवकन्यानं पाणी अंगणात ओतलं, टप घासून उन्हात ठेवला. मग खडू माझ्या हातात दिला, म्हणाली, तुमीच लिहा. मी तारीख घातली. अळी लिहिलं. पुढं हातानं आपोआप निरंक लिहिलं. कळलं तेव्हा सही पण झाली होती. सुमंगला ओसरीवरून बघत होती. तळहातानं पुसलं अन् लिहिलं, आढळली.
सुमंगला म्हणाली, आता तिकडचंबी सांगून या.
उद्या वालूरला जायचं ठरवलं. धुरपताबाईला एवढंच सांगायचं, आत आलो नव्हतो. तीन शब्द. पहाटे पाचला उठायचं.

२८ सप्टेंबर, रविवार
उठायला उशीर झाला. दुपारी पोचलो.
घर लगेच सापडलं. दाराला नवा निळा ऑइलपेंट दिलाय. डाव्या फळीवरचा एक चौकोन तेवढा रंगवायचा सोडलाय, जुनं लाकूड तसंच. त्यावर माझी तारीख, अळी निरंक, माझी सही. मार्कर फिका झालाय, पण वाचता येतो.
धुरपताबाई उंबऱ्यावरच होती. दिसत कमी असेल असं वाटलं होतं, पण तिनं लगेच ओळखलं. म्हणाली, साहेब, आत या.
मी म्हणालो, चारची एसटी आहे.
एसटी साडेपाचला आली. तोवर स्टँडवर बसून होतो.