अकरा नावांची वही

मी खाली सही करणारी, वय बासष्ट पूर्ण, व्यवसाय शिवणकाम, राहणार चर्चमागच्या गल्लीतले शेवटचे घर, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन शांत असल्याचे दाखल्यात कुठेही म्हटलेले नाही, आणि ते शांत नाहीच. परवा बुधवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ असते तर त्यांनी तीन कागदांवर सह्या घेतल्या नसत्या.

या कागदात मी कोणाचेही नाव लिहिणार नाही. नाती आणि कामे लिहीन. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, नावाशिवाय मृत्युपत्र असतं होय कुठे?" म्हणून सर्वांची ओळखपत्रे वेगळ्या पाकिटात घालून त्यांच्याकडे दिली आहेत. नावांच्या बाबतीत मी कानाला खडा लावला आहे. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, माझ्या एकुलत्या एका मुलास. मोरीचा नळ जोराने पिळू नये. दाराआडच्या खुंटीवरचे त्याच्या वडिलांचे दोन शर्ट टाकून देऊ नयेत. त्याच्या वडिलांनी बॅटरीच्या कारखान्यात एकोणीस वर्षे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढले. ती धूळ अंगात भिनून शेवटी मनगटे लुळी पडली. बटण लावता येईना म्हणून मी शर्टांना नाड्या शिवल्या. वर्षभराने नाड्याही बांधता येईनात. ते शर्ट कोणाला घालायला नकोत, पण असू द्यावेत.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते सुनेस, आणि सुनेच्याच हातात. आकडा लिहीत नाही, वाचून तिला हसू येईल.

कलम तीन. मोठी कात्री मला गणिताच्या बाईंना द्यायची होती. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत आणि चर्चमधल्या आमच्या समितीचा कणा आहेत. परंतु त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि वकीलबाईंच्या सांगण्याप्रमाणे जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. बाई म्हणाल्या, "मला कात्री नको गं, तू नीट उठून घरी ये." तेव्हा कात्री चर्चच्या शिवणवर्गास. त्याच वर्गाच्या मास्तरांनी चार वर्षांपूर्वी माझी इस्त्री दोन दिवसांसाठी म्हणून नेली. मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे. इस्त्री मात्र परत आणावी.

कलम चार. यात वाटणी नाही, कबुली आहे.

नवरा गेल्यावर मी आमच्या चर्चच्या न्याय आणि शांती समितीत जाऊ लागले. आम्ही सात जण दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बसून कारखान्यातल्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचो. कोणाच्या हिरड्या निळ्या पडलेल्या, कोणाचे पोट रात्रंदिवस पिळवटणारे. लिहून झाले की वाचून दाखवायचे, मगच सही किंवा अंगठा. अशी अकरा माणसे एका वहीत जमली. कामगार खात्याकडे तक्रार पाठवली ती नावांशिवाय. नावे फक्त वहीत, आणि वही माझ्याकडे, कारण माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

त्यानंतरच्या रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, विश्वासूंच्या प्रार्थना वाचण्याची पाळी माझी होती. शेवटची प्रार्थना आजाऱ्यांसाठी असते आणि त्यांची नावे घ्यायची आमच्याकडे रीत आहे. मला वाटले, या अकरा जणांपेक्षा आजारी कोण आहे? पर्समध्ये वही होतीच. मी ती काढली आणि अकराच्या अकरा नावे आडनावांसकट, सावकाश, देवाला नीट ऐकू जावीत म्हणून वाचली. सगळे चर्च म्हणाले, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." चौथ्या बाकावर कारखान्याचे मॅनेजर बायकोसोबत बसले होते. त्यांनीही ऐकली. बिननावाच्या तक्रारीला नावे मीच पुरवली.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकातल्या फळीवर अकरा हजेरीकार्डे नव्हती. ती काढणारा हात माझ्या मुलाचा होता. तो तिथे हजेरी कारकून आहे. त्याला वरून हुकूम होता. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही, आणि मीही नाही.

अकरांत एक माझी नणंद आहे. आमचे आधीही फार गूळपीठ नव्हते, लग्नातल्या माझ्या ब्लाऊजच्या बाहीवरून तिने काय काय ऐकवले ते मी विसरलेले नाही. पण भावाच्या आजारपणात तिने रात्री जागवल्या. आठ महिने झाले, ती माझ्याशी बोललेली नाही. मिस्सामध्ये एकमेकांना शांती देण्याची वेळ येते तेव्हा मी हात पुढे करते आणि ती पलीकडच्या बाईकडे वळते. फादर म्हणाले, "देवाने तुला क्षमा केली आहे." देवाचे मला कळले, फादर. नणंदेचे काय?

कलम पाच. शिवणयंत्र, स्टूल आणि तेलाच्या बाटलीसह, माझ्या नणंदेस. यंत्र पायाचे आहे. तिचा उजवा हात भावासारखाच लुळा पडत चालला आहे, पाय अजून धड आहेत. तिने घेतले नाही तरी दारात नेऊन ठेवावे.

कलम सहा. वही. ती माझ्या मालकीची नाही, तेव्हा ती कोणास देण्याचा मला अधिकार नाही. परंतु ती घरात सापडल्यास मुलाने तिला हात लावू नये. तो मला म्हणाला, "आई, जाळून टाक ती वही. माझी नोकरी जाईल." मी म्हटले, "बाळा, ती जळली तर तुझे बाबा कशाने गेले हे सांगायलाही कोणी उरणार नाही." तो वाईट नाही. घाबरलेला आहे, आणि ते घाबरणे त्याने माझ्याकडूनच घेतले असावे. वहीची जागा मी गेल्या आठवड्यात तीनदा बदलली आहे. आता ती कुठे आहे ते फक्त बाईंना ठाऊक आहे.

पुढच्या मंगळवारी चौकशी आहे. चौकशी अधिकाऱ्यांनी कळवले आहे की वहीतल्या निदान एका माणसाने समोर उभे राहून "हे माझेच बोलणे आहे" असे सांगितले तरच वही दाखल होईल. नाहीतर तक्रार निकाली. नऊ जणांनी हात जोडले. एक गाव सोडून गेला. नणंदेने दारच उघडले नाही. मला ऑपरेशनची भीती वाटते, खोटे कशाला बोलू, पण रात्री उठून बसते ती मंगळवारच्या विचाराने. मी असेन की नाही, आणि असले तरी कॉटवर. अकरा माणसांचा घास मी काढला आणि त्यांच्या हाती काहीच लागणार नाही, हे घेऊन मला मरायचे नाही.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

दुसरे साक्षीदार म्हणून गल्लीतले चांभारकाका येणार होते. ते आले नाहीत. त्यांचा जावई कारखान्यात आहे. हॉलमध्ये मी, वकीलबाई आणि गणिताच्या बाई तासभर बसलो. मग बाई चप्पल घालून बाहेर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या मागे माझी नणंद होती.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. वकीलबाईंना म्हणाली, "वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही." बसून पहिल्यापासून वाचले. ब्लाऊजच्या बाहीपाशी नाक मुरडले. कलम पाचवर बोट ठेवले.

"हे खोडा," ती म्हणाली.

वकीलबाई म्हणाल्या, "सही केलीत तर यंत्र मिळणार नाही हे खरं. पण विचार करा, आपण दुसरं कोणी शोधू."

"आठ महिने विचारच करतेय." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "वहिनी, मंगळवारी किती वाजता आहे?"

"अकराला," मी म्हटले.

"मी जाईन. पण एक सांगून ठेवते. तिथे माझं नाव मी सांगीन. तू नाही, बाई नाहीत, फादर नाहीत. माझं नाव मीच सांगीन."

मी हो म्हटले आणि रडले. ती म्हणाली, "आता रडू नकोस, कागद भिजेल."

त्यानुसार कलम पाच खोडले आहे. यंत्र शिवणवर्गास द्यावे. मी उठले तर मात्र ते मी तिला हयातीतच देणार आहे. त्याला कायदा आड येत नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतले आहे.

सही नेहमीसारखी आलेली नाही. ती माझीच आहे.

ठिकाण: चर्चचा हॉल, खिडकीजवळचे बाक.
दिनांक: सात मार्च, सोमवार.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिल्या: निवृत्त गणित शिक्षिका. (सही)

साक्षीदार दुसरी: लिहून ठेवणारीची नणंद. उजवे मनगट डाव्या हाताने धरून तिने सही केली आणि खाली आपले पूर्ण नाव लिहिले. वेळ लागला, कोणी मदत केली नाही. नाव स्वच्छ वाचता येते.