सही कोणाची

३ जुलै, गुरुवार
पाळीचा नववा दिवस. तिसऱ्या तासाला साडी खराब झाली. तास संपेपर्यंत फळ्याला पाठ लावून शिकवलं. शाळा सुटल्यावर लकडगंजच्या डॉक्टरीणबाईंकडे. हिमोग्लोबिन आठ. सोनोग्राफी नीट. म्हणाल्या, हार्मोनवालं साधन बसवून घ्या. टी आकाराचं, एवढंसं. गर्भाशयात राहतं, थोडं थोडं हार्मोन सोडतं. पाच वर्षं तरी दिवस जायची काळजी नाही, रक्त कमी जातं, पाळी थांबली तरी घाबरायचं नाही. हवं तेव्हा काढता येतं. कॉपर-टीनं उलट जास्त गेलं असतं.
दोन बाळंतपणं झाली, तरी अशा साधनाचं कोणी सांगितलं नाही. ऑपरेशन कर, एवढंच.

५ जुलै
काउंटरवरची मुलगी म्हणे, मिस्टरांची सही लागेल. नाव माझं, गर्भाशय माझं, सही प्रशांतची. डॉक्टरीणबाईंना विचारलं, कायदा आहे का तसा. नाही म्हणाल्या, पण नंतर घरचे येऊन भांडतात. म्हणजे भीती त्यांना, रक्त माझं.

६ जुलै, रविवार
प्र.ला सांगितलं. मोबाइलमधून मान वर नाही. "अंगात बाहेरची वस्तू काहून टाकून राहिली वं? आईले विचार."
सासूबाईंना काय विचारू? दोन नातींवर नातू हवाय त्यांना. मागच्या वर्षी याला नसबंदीचं म्हटलं, तर दोन दिवस जेवला नाही.

२८ जुलै, सोमवार
कामठीला जाऊन साधन बसवून आले. शाळेतली वर्षा सोबत. तिथल्या डॉक्टरांनी सही माझीच घेतली. पाच मिनिटांचं काम, पण अशी कळ आली की वर्षाच्या मनगटावर माझी नखं उमटली. ऑटोत वाकून बसले. घरी सांगितलं, पित्त.
खोटं बोलावं लागलं, त्याचाच संताप.

१९ सप्टेंबर
रोज थेंब थेंब. पहिले काही महिने असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी वैताग. धाकटीवर उगाच ओरडले.

९ नोव्हेंबर, रविवार
दीड महिना पाळी नाही. जिना चढताना धाप लागत नाही. सासूबाईंनी दिवस मोजले, लेकाच्या कानात सांगितलं. तो संत्रा बर्फी घेऊन आला. डबा उघडायच्या आत सगळं सांगून टाकलं.
"मले न विचारता?"
"विचारलं होतं. तुम्ही म्हणाले आईले विचार."
डबा फ्रिजवर तसाच. मुली विचारत होत्या, कशाची बर्फी…

१३ नोव्हेंबर
सकाळी सासूबाई ओट्यापाशी आल्या. हळूच विचारलं, कामठीचा दवाखाना कुठं आहे. शीतलसाठी, म्हणजे माझ्या नणंदेसाठी. पारशिवनीला असते, तिसरं आत्ताच झालं.
"पोरगी पार गळून गेली वं."
मी गळत होते तेव्हा तुम्ही कुठे होता, अगदी तोंडावर आलं होतं. पत्ता दिला. शीतलचा काय दोष?
नंतर चपला घालता घालता प्र. म्हणाला, सोमवारी अकराची वेळ घेतली आहे, ते काढून घ्यायला.
सोमवारी अकराला माझा आठवीवर तास असतो.