तांडेलाने मागितलेली शीळ

मांडवी बंदर, कच्छ

आबा, तुमच्या आणि आयेच्या पाया पडतो.

मी बरा हाय. हे फोनवर सांगवलं नाय, म्हणून लिहितो.

पहिल्याच दिवशी मी गलबतावर शीळ घातली, तर तांडेल, म्हणजे गलबताचा कप्तान, अंगावर धावून आला. शिळेनं वादळ येतं, म्हणतो.

परवा इंजिन बंद पडलं. घाबरू नका, किनारा दिसत होता. शीड चढवलं, पण वारा पडलेला. मग तांडेलच हळूच म्हणाला, "घाल रे शीळ."

आपल्या चांद्या बैलाला पाणी पाजताना घालतो, तीच घातली. घटकाभरात शीड फुगलं.

आबा, दात पडल्यापासून तुमची शीळ वाजत नाय. शिळेबिगर चांद्या पाणी पितो ना? सांजच्याला त्याला सावित्री नदीवर न्या. त्याच वक्ताला मी इकडून शीळ घालीन. तांडेल ओरडला तर ओरडू दे.

तुमचाच,
सुहास