लेकीच्या घरचं पाणी

सर, परवा मी उणकलला मुलीच्या घरी गेलो आणि पाणी न पिता परत आलो. तुम्हाला एवढं एक वाक्य पुरलं असतं. मुलगी म्हणजे तुमची नात. तुमच्या माघारी जन्मली, म्हणून सांगतो. यंदा तिनं रजिस्टर लग्न केलं. मुलगा गदगकडचा, घरात कन्नड बोलणारा, पण मराठी बरी येते. पंपाची जळालेली मोटार काढून त्या जागी नवी बसवून देणाऱ्या कंपनीत आहे. जुनी उघडूनसुद्धा बघत नाहीत, सरळ भंगारात घालतात. तर तो स्वतः ताटलीत पेला ठेवून घेऊन आला. "मामा, नीरादरू कुडीरी. पाणी तरी घ्या." मी हात वर केला आणि म्हणालो, "आमच्यात मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी घेत नाहीत." मुलगी आतून बोलली, "आमच्यात म्हणजे कुणात, बाबा? आजी तर आत्याकडं चार-चार दिवस राहून, जेवून यायची." खरं आहे. माझी आई लेकीकडं जायची ती रिकामा डबा घेऊन आणि यायची ती भरून घेऊन. ही रीत आमची नव्हे, तुमची. हिनं, म्हणजे तुमच्या मुलीनं, माझ्या शेजारी बसून चहा घेतला, वर दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, आणि माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

जावई रागावला नाही. पेला तसाच हातात धरून म्हणाला, "घरात नको तर बाहेर घ्या की. रविवारी तळ्यावर जाऊ चहाला. मी येतो न्यायला." निघताना मुलगी जिन्यापर्यंत आली. खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, बाहेरसुद्धा नको म्हणालात तर मला कळेल, रीत वगैरे काही नव्हती, तुम्हाला तोच नको होता. मग इथं येत जाऊ नका." चिडून नाही म्हणाली. तुम्ही फळ्यावर उत्तर लिहून खाली रेघ मारायचात, असं ऐकलंय, तसं म्हणाली. आज शनिवार. दुकान बंद करून बाकावर बसून हे लिहितोय. लिहून कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. तुमचं धारवाडचं, केलगेरीचं घर विकून गेलं, तिथं आता दुसऱ्यांची गाडी उभी असते.

त्या घरी मी पहिल्यांदा आलो तो विहिरीच्या मोटारीसाठी. आतल्या तारेचं वाइंडिंग जळालं होतं. मी अंगणात पोतं पसरून बसलो होतो आणि तुम्ही शाळेतून आलात, कोट न काढता तिथंच उभे राहिलात. मी जुनी तार सोडवत होतो. किती वेढे, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत गेले, ते मोजल्याशिवाय मी कधी नवी तार घालून मोटार भरली नाही. तुम्ही विचारलंत, "डिप्लोमा कुठला केलास?" मी म्हणालो, "कुठलाच नाही सर. सातवी झालो. उघडून बघत बघत शिकलो." तुम्ही म्हणालात, "उघडून सगळेच बघतात," आणि आत गेलात. ते वाक्य शिवी होती की गणिताच्या मास्तराची सवय होती, मला ठरवता आलं नाही. पुढं तुमच्या मुलीनं माझ्याशीच लग्न करणार म्हणून सांगितलं तेव्हाही तुम्ही ओरडला नाहीत. रजिस्ट्रारच्या ऑफिसात आलात, साक्षीदार म्हणून सही केलीत, स्वतःच्या पेनानं. पेनाला टोपण लावलंत आणि धारवाडची बस धरलीत. लोक मला म्हणाले, नशीब काढलंस, सासरा भला मिळाला.

मग तुम्ही दर महिन्याला हुबळीला, केशवापुरात येऊ लागलात. दुकानामागची आमची खोली, दाराजवळची लोखंडी खुर्ची. येताना नवलूरचे पेरू आणायचात, अर्धे पिकलेले अर्धे कच्चे, निवडून. ही सवयीनं पाणी आणायची आणि तुम्ही हात वर करायचात. "मूल होऊ दे, मग जेवूनच जाईन." बाकी बोलायचात नीट. दुकान कसं आहे, तार कुठल्या गेजची वापरतोस, व्होल्टेज कमी पडलं की मोटार का तापते. मी सांगायचो, तुम्ही ऐकायचात, आणि ऐकताना तुमचे ओठ सुकलेले दिसायचे. एकदा तुमची कापडी पिशवी खुर्चीवर राहिली म्हणून मी मागून धावत आलो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात तुम्ही उभ्यानं पाणी पीत होता. एक तांब्या संपवून दुसरा मागितलात. मी बाहेर थांबलो. तुमचं पिऊन झालं, तोंड पुसून झालं, मग पिशवी दिली. तुम्ही म्हणालात, "हां, राहिली होती होय." मी म्हणालो, "हो."

मूल व्हायला आम्हाला फार वर्षं लागली. कुठल्याही रीतीला शेवट असतो म्हणून माणूस ती सोसतो. आमच्या रीतीला शेवट दिसेना. मला एवढंच हवं होतं की नक्की काय ते कळावं. रीत असेल तर रीत. मी नको असेन तर तसं. हिला म्हणालो, तू विचार. ही म्हणाली, "काय विचारू? अण्णा, तुम्हाला तहान का लागत नाही म्हणून? त्यांची आई पण असंच करायची. असू दे की." मी म्हणालो, माझ्या जागी डिप्लोमावाला असता तर? ही म्हणाली, "तर तो तुमच्यासारखा तोंडाकडं बघत बसला नसता, चहा पिऊन कामाला गेला असता."

त्याच सुमाराला हुबळीत एक कन्नड सिनेमा लागला होता, विनोदी. नाव आठवत नाही असं नाही, पण त्याचं इथं काम नाही. मीच म्हणालो, आपण तिघं जाऊ. हिला वाटलं, मला हसायचंय. माझा हिशेब वेगळा होता. थेटर हे काही लेकीचं घर नव्हे. मध्यंतरात कँटीनमधून मी चहा आणून तुमच्या हातात देणार. घेतलात तर आजवरची सगळी रीतच होती, आणि नाही घेतलात तर मला उत्तर मिळालं. मोटार तपासताना एक टोक सुटं करून दिवा लावून बघतात, तसं.

सिनेमात मुलीचा बाप रिटायर स्टेशनमास्तर होता आणि त्याला तिनं निवडलेला मुलगा पसंत नव्हता. का नव्हता ते कुणी सांगत नाही. मुलगा दाढी लावून, मुका आणि बहिरा बनून त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहायला येतो. सिनेमात दाढी लावली की कुणी कुणाला ओळखत नाही. बापाला घरात बोलायला कोणी नाही, म्हणून तो रोज संध्याकाळी त्या बहिऱ्यासमोर बसतो आणि त्याच मुलाला शिव्या देतो. लोक खुर्च्या बडवून हसत होते. मी मध्यंतराची वाट बघत होतो. घंटा झाली तसा उठलो, कँटीनच्या खिडकीशी पहिला पोचलो, तीन चहा सांगितले. आणि वळून बघतो तर तुम्ही माझ्या मागोमाग आलेले. खिडकीतला माणूस तुम्हाला बघून बाहेरच आला. "सर, नमस्कार्री. नानु निम्म विद्यार्थी." तुमचा विद्यार्थी. तुम्ही त्याला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते तो बक्षीस मिळाल्यासारखं सांगत होता. माझ्या हातातला कप त्यानं काढून घेतला. "हा नको हो, सरांना वेगळा करतो, आल्याचा." मी म्हणालो, "अहो, हा पण चांगलाय." तो म्हणाला, "तुम्ही घ्या की तो." तुम्ही त्याचा चहा प्यायलात, शेवटपर्यंत. माझी तपासणी तिथंच फुकट गेली.

उत्तरार्धात बापाची जीभ शिव्या देऊन दमते. एका संध्याकाळी तो बहिऱ्याला म्हणतो, "पोरगा वाईट नाही रे, पण इतके दिवस नाही म्हटलं, आता हो कोणत्या तोंडानं म्हणू?" आणि बहिऱ्याच्या नाकावर डास बसलेला, त्याला हलता येत नाही, हसता येत नाही. तेव्हा तुम्ही हसलात. आवाज न करता, नाकातून. डासाला हसलात की त्या वाक्याला, ते मला कळलं नाही. अंधारात तेवढं दिसत नाही. शेवटी बापाला सगळं समजतं, तो काठी घेऊन घरभर पळतो, दम लागून पायरीवर बसतो आणि त्या पोरालाच म्हणतो, "पाणी आण की, बहिऱ्या." थेटरात शिट्ट्या. मी बाजूला पाहिलं. तुम्ही पायानं खुर्चीखालची चप्पल शोधत होता. बस स्टॉपवर म्हणालात, "बरा होता. शेवट लांबवला."

ही गरोदर राहिली आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात. मी दुकान बंद करून धारवाडला यायचो. शेवटी शेवटी तुम्हाला पेला धरवत नव्हता. एके संध्याकाळी मी चमच्यानं पाणी दिलं आणि तुम्ही ते घेतलंत, माझ्या हातून. हिनं ते पाहिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मला मात्र लगेच ध्यानात आलं की हे मोजता येत नाही. तांब्या तुमचा, विहीर तुमची. मोटार मी भरलेली, पण पाणी तुमच्या घरचं. त्यानंतर आठवड्यात तुम्ही गेलात. रीत सुटायला थोडेच दिवस राहिले होते. खांदा दिला, परत येऊन दुकान उघडलं, एका पिठाच्या गिरणीची मोटार अडली होती ती भरून दिली. तेव्हा रडायला आलं नाही, नंतरही आलं नाही. ही अजून कधी कधी त्यावरून बोलते.

परवा ते वाक्य माझ्या तोंडून आलं, तेव्हापासून मी तपासतोय की त्या क्षणी माझ्या मनात काय होतं. कंपनीचा राग असेल, जात-भाषा असेल, मुलगी गेली याचं काही असेल, सगळं उघडून बघितलं. काही नव्हतं, सर. पोरगा समोर उभा होता, पेला होता, आणि हात वर गेला. मी इतकी वर्षं तुमच्याबद्दल दोनच शक्यता धरून बसलो होतो. तुमच्या मनात माझ्याबद्दल काहीच नसेल, बरंही नाही आणि वाईटही नाही, ही तिसरी मी धरलीच नव्हती.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज तो आला, स्कूटर घेऊन. ही म्हणाली, "चहा घ्यायचा तर घ्या, नाहीतर राहू दे, पण त्या पोराला टांगून ठेवू नका." उणकलच्या अलीकडं स्कूटर पंक्चर झाली. ऊन कडक. तो ढकलत होता, मी मागून जोर लावत होतो. त्यानं दोनदा म्हटलं, "मामा, तुम्ही सावलीत थांबा की." मी थांबलो नाही. तळ्याच्या कट्ट्यावर पोचलो तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. त्यानं पिशवीतून बाटली काढून पुढं केली, मी घेतली आणि अर्ध्याच्या वर रिकामी केली. खाली ठेवताना पाहिलं, निळ्या झाकणाची, मुलीच्या ओट्यावर असते ती. घरून भरून आणलेली. त्याच्या ते आधीच लक्षात आलं होतं. तो चहा सांगायला म्हणून गाड्याकडं गेला आणि तिथून मुलीला फोन लावला. "कुडदरू," प्यायले, एवढंच म्हणाला, आणि मग मान खाली घालून बराच वेळ ऐकत राहिला. ती पलीकडं रडत असावी. परत आला तेव्हा त्यानं मला पहिल्यांदाच डोळ्याला डोळा भिडवून विचारलं, "मामा, साखर कमी चालते का?" मी म्हणालो, चालते.

त्या दोघांनी त्या पाण्याचा जो अर्थ लावला तो त्यांचा. मी काही ठरवून प्यायलो नाही. मला तहान लागली होती, एवढंच. हे मी त्याला सांगितलं नाही, मुलीलाही सांगितलं नाही, आणि सांगणार नाही.