पंखांवरची धूळ

३ तारीख, सोमवार
आज लिहू, उद्या लिहू करत दोन महिने गेले. वहीची मागची पानं कागदाच्या होड्या करण्यात संपली. आता मात्र रोज लिहायचं, कारण आता मी वैज्ञानिक आहे. (पगारपत्रकावर 'मदतनीस' आहे. ते सोडा.)
काम असं: मेलेल्या निळ्या फुलपाखराच्या पंखावर चांदीचा पातळ थर चढवायचा, मग खालचा पंख विरघळवून टाकायचा. पंख नुसता साचा. उरतो चांदीचा पंख, आणि तोही निळा चमकतो म्हणे! पुढच्या सोमवारी कंपनीची माणसं बघायला येणार. नमुना जमला तर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई मला कायम करणार. ताईने बजावलंय, ही नोकरी गेली तर वरची खोली रिकामी कर.

४ तारीख
चष्म्याने थर चढवायचं यंत्र दाखवलं. चष्मा म्हणजे इथला जुना सहायक. पंखांना बोट लावू नकोस रे बाबा, असं दर वाक्यामागे. माझ्या हातातल्या कसबावर जळतो. बाई मात्र म्हणाल्या, नमुना स्वच्छ हवा. ऐकायचं कुणाचं? उघड आहे.

५ तारीख
चष्मा रजेवर. डबा उघडला तर पंखांवर ही धूळ! एक पंख घेतला, मऊ ब्रशने झटकला. चांगली चिमूटभर निळी पूड निघाली. पंख असा लख्ख झाला की खालच्या वर्तमानपत्रातला मथळा वाचता आला. इतका जीव ओतून मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

६ तारीख
थर चढवला. निळा नाही. नुसता चांदीचा कागद. म्हणजे चष्म्याने यंत्रात काहीतरी केलंय.
विचारलं तर मलाच शिकवतो. त्यात रंगबिंग नसतो रे, बारीक नक्षी असते, तिच्यावरून उजेड निळा होऊन परततो. तू नक्की केलंस काय? रंगच नसतो म्हणे! इकडे माझा ब्रश निळा झालाय. थापा मारायलाही थोडी अक्कल लागते.

७ तारीख
बाईंच्या कानावर यंत्राचं घातलं. चष्म्याची बदली मागच्या इमारतीत, भांडारात. वाईट वाटलं. चहा येईपर्यंत. दगा देणाऱ्याचं दुसरं काय होणार? उरलेले सगळे पंख साफ करून टाकले.

८ तारीख
रसायनशास्त्र पहिल्यापासून वाचायचं ठरवलं. पहिलं पान झालं. तेवढ्यात खाली कुणाची तरी मोटारसायकल सुरू होईना. ढकलायला गेलो, तो तिकडेच जेवलो.

९ तारीख
रविवार. विज्ञानालाही सुट्टी.

१० तारीख, दुपारी
सकाळी थर चढवले. सगळे चकचकीत. कंपनीच्या एका पाहुण्यांनी एक उजेडात धरला, उलटा केला, म्हणाले, आमची बायको डबा गुंडाळते तो कागद असाच असतो. बाईंनी विचारलं, साफ कसे केलेस? मी ब्रश चालवून दाखवला. मग बाई म्हणाल्या, अरे, ती पूड म्हणजेच खवले, त्यांच्यावरच ती नक्षी, तीच तर आपल्याला हवी होती! सगळे झटकलेस? म्हटलं, एकही सोडला नाही.
उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या.

१० तारीख, संध्याकाळी
माझा घात झाला. एका माणसाने शब्दाने सांगितलं नाही. चष्म्याने सांगितलं होतं, पण त्याचा तो सूर! सांगायची काही पद्धत असते की नाही? ठरलं. उद्या पहाटेच निघायचं, लांब कुठेतरी. बॅग भरायला घेतली. मोजे भरून झालेत.
ताई खालून हाका मारतेय, बघ कोण आलंय. बाई असणार. माफी मागितली तरी लगेच विरघळायचं नाही.
जिन्यावरून वाकून पाहिलं. चष्मा आहे!
ताईने त्याला आत घेतलंय. तो तिला सांगतोय, बाईंच्या हातापाया पडून आलोय, याला आणखी एक महिना द्या म्हटलं, मी शिकवतो. ताई डोळे पुसतेय. त्याची बदली कुणी करवली हे त्याला कळलंय की नाही, काही पत्ता लागत नाही.
शत्रू म्हणूनसुद्धा या माणसाचा भरवसा नाही. जिना चढतोय.