बाबांच्या धड्यावरची टीका

नाही मास्तर, तुम्ही ते बरोबर केलं नाहीत, आणि आज कराचीत बसूनही मी तेच म्हणतो. माझ्या बाबांवर टीका करायचीच होती तर त्यांना बाजूला घ्यायचं, पडवीत बसवून, पानाचं तबक पुढे करून सांगायचं. त्या सगळ्या शिकाऊ मास्तरांसमोर नको होतं. तुम्ही वारून इतकी वर्षं झाली तरी माझ्या बाजूने हे भांडण मिटलेलं नाही. आज सकाळी कारखान्यात एक गोष्ट झाली आणि ते असं काही उसळून आलं, की जेवणाच्या सुट्टीत भाकरी तशीच ठेवून ह्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसलो आहे. अक्षर वाकडं आलं तर सोसा, हाताला तेल आहे.

रत्नागिरीचं तुमचं ट्रेनिंग स्कूल आणि त्याला जोडलेली आमची सरावाची शाळा मला अजून स्वच्छ दिसते. खेडोपाडी मास्तर म्हणून जाणारे लोक आधी आम्हा पोरांवर शिकवून बघायचे. मी देवरुखच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, तुमच्याकडे शिपाई असलेल्या मामाच्या घरी राहून शिकणारा. एकाने धडा घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून चुका टिपायच्या आणि मग त्याच्या तोंडावर सांगायच्या, ह्याला तुम्ही टीकेचा तास म्हणायचात. आम्हाला त्याची फार मजा वाटे, घामाघूम झालेला मास्तर एरवी कुठे बघायला मिळणार? तुम्ही खिडकीशी उभे असता. हाताची घडी घालून बसलेल्या आमच्या रांगा बघून तुम्ही म्हणता, "पोरांचे हात सोडा. बांधायचेच असतील तर मास्तराने आपले पाठीमागे बांधावेत." आणि पाढे ओरडून घेणाऱ्याला म्हणता, की आवाज मोठा आहे म्हणजे डोकं चाललंय असं नाही, इन्स्पेक्टरला फसवाल, पोराला कसं फसवाल.

मग तुम्ही वर्गात काथ्या आणलात. सुंभ वळायचा, त्याची लांबी मोजायची, भाव काढायचा, हिशेब त्यातूनच शिकायचा. गावातले वकील-कारकून कुरकुरले, पण खरा भडका उडाला तो माझ्या घरचा. बाबा तांदळाचं गाठोडं घेऊन मला बघायला आले, तर मी मांडीवर काथ्याला पीळ देत बसलेला. ते दारातच थबकले.

"मास्तर, ह्याच्यासाठी पोर हितवर धाडला काय मी? सुंभ त माज्या आज्याला पन येत होता."

दुसरा कोणी असता तर खेकसला असता. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "पण माझ्या ह्या मास्तरांना येत नाही. उद्या एक धडा तुम्ही घ्या." 

बाबांनी मामाकडून धुतलेलं धोतर मागून घेतलं. सकाळपासून दोनदा मुंडासं बांधून सोडलं. वर्गात गेल्यावर काय खुलले म्हणून सांगू. एका जाड्या मास्तराला म्हणाले, मांडी एवढी देवाने दिली आहे, तिचा उपयोग करा. सगळे हसले, बाबाही हसले. माझी छाती फुगलेली. पण मास्तरांचा पीळ सुटायला लागला तसे बाबा अस्वस्थ झाले. एकाच्या हातातला काथ्या त्यांनी ओढून घेतला, "सोडा, तुम्हाला जमनार नाय," म्हणत झरझर वळून परत दिला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. तास संपला तेव्हा प्रत्येकाच्या पुढ्यात देखणा सुंभ होता.

तुम्ही उठलात. "धडा गोड झाला, पण सगळे सुंभ ह्यांनीच वळले, शिकला कोणीच नाही. आपलंही रोज हेच होतं, शिकणाऱ्याच्या हातातलं आपण काढून घेतो." शिकाऊ मास्तर खो खो हसले. ते स्वतःला हसत होते, हे मला आज कळतं, बाबांना कसं कळावं? तुम्ही त्यांना पुरता मास्तर मानलंत म्हणून टीका केलीत. त्यांना एवढंच दिसलं, की शिकलेल्या लोकांनी बोलावून घेतलं आणि हसले. त्याच दुपारी त्यांनी माझं बोचकं बांधलं. चौथी अर्ध्यावर राहिली ती राहिलीच. पुढे मुंबई, मग बोटीने कराची.

आणि आज काय झालं ऐका. संगमेश्वरकडचा एक नवा माणूस माझ्या हाताखाली दिला आहे, माझ्याहून वयाने मोठा. लोखंड घासायची कानस धरायला शिकवत होतो. त्याचा हात सारखा तिरका जाई, लोखंडाला उतार पडे. मी कानस हिसकावली, "सोड, तुला जमायचं नाही," म्हटलं, आणि माझा हात हवेतच राहिला. अहो, तो आवाज बाबांचा होता. मी कानस परत दिली, हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसरा गच्च धरून ठेवला. मास्तर, माणूस समोर चुकत असताना गप्प उभं राहणं ही केवढी शिक्षा आहे, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. दोन तुकडे त्याने वाया घालवले. मुकादम जाता जाता म्हणाला, काय रे, हात दुखतात काय? म्हटलं, नाही, शिकवतोय. तिसरा तुकडा सपाट आला. त्याने त्यावर बोट फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला नाचावंसं वाटलं.

तेव्हा अर्धं भांडण तुम्ही जिंकलात. अर्धं मी सोडणार नाही. पोराची शाळा बदलायची तर आधी त्याच्या बापाला धरून बसलं पाहिजे. बाप उठून गेला की सुधारणा वर्गात राहते आणि पोर गुरांमागे जातं.

हे आजच लिहायला आणखी एक कारण आहे. आमच्या वाडीत आता शाळा झाली आहे. तुमच्याच हाताखालून गेलेले मास्तर तिथे आहेत आणि त्यांनीही काथ्या काढला आहे. माझी धाकटी बहीण, आमची बाय, तिसरीत आहे. परवा घरचं पत्र आलं, बाबांनी सांगितलेलं, तिने लिहिलेलं. सुंभच वळायचा तर घरी वळेल, गुरंही राखली जातील, म्हणून बायला शाळेतून काढतो. स्वतःला काढायचं तिने स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं आहे. खाली बारीक ओळ, "दादा, नको म्हणून कळव, मी मोठ्याने वाचून दाखवीन."

म्हणून कळवतो आहे. बाबा चुकले असं लिहिणार नाही. एक दिवस शाळेत जाऊन नुसतं बसा, मास्तरांशी हवं तेवढं भांडा, पण भांडून झाल्यावर बायला तिथेच ठेवून या, एवढं लिहिणार.

हा कागद मात्र माझ्याकडेच राहील, तो टाकायचा तरी कुठे? खरं सांगायचं तर इथे इतका मोकळा मी कोणाशी बोलत नाही, म्हणून भांडण मिटवायची मला घाईही नाही. भोंगा झाला. बाबांना मनिऑर्डर करायची आहे. बायच्या जागी गुरांमागे माणूस ठेवा, पोर नको, मोठा माणूस, असं कुपनावर लिहिलं आहे. पाच रुपये.